ट्रकच्या टायरला पॉलिश: काळेपणा सारखा का उतरत नाही

दहाचाकी गाडी वॉशिंग सेंटरमधून बाहेर पडते. केबिन चकाचक, फाळका धुतलेला, मडफ्लॅपसुद्धा काळेकुळकुळीत. टायर मात्र चट्ट्यापट्ट्यांचे. कुठे आरशासारखी चमक, कुठे राखाडी डाग, कंपनीच्या अक्षरांखाली ओघळ. दोन दिवसांत त्या ओघळांवर धूळ चिकटते आणि न धुतलेला टायर बरा होता असं वाटायला लागतं. मग दोष जातो पॉलिशच्या कॅनवर. कॅन बदलला तरी पुढच्या वेळी तेच.

दोष बहुतेक वेळा कॅनमध्ये नसतोच. टायर नीट धुतलेला नसतो, धुतला तर वाळलेला नसतो, आणि लावलेलं जास्तीचं पॉलिश कोणी पुसलेलं नसतं. तिसरी चूक सर्वांत मोठी. जास्त ओतलं की जास्त काळं होतं, हा समजच टायर बिघडवतो.

कारच्या टायरवर हात बसलेला माणूसही ट्रकपाशी आला की चुकतो, कारण त्याचा अंदाज कारचा असतो. २९५/८०आर२२.५ मापाचा टायर घ्या. रुंदी २९५ मि.मी., तिच्या ८० टक्के म्हणजे २३६ मि.मी. साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची, आणि रिम साडेबावीस इंचांची. हिशेब केला तर एका बाजूचं क्षेत्रफळ सुमारे ०.६ चौरस मीटर भरतं. १८५/६५आर१५ या कारच्या टायरची तीच बाजू ०.२ चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे ट्रकचा एक टायर तीन कारच्या टायरांएवढा. दहाचाकीला बाहेरून दिसणाऱ्या बाजू सहा: पुढच्या दोन, आणि मागच्या दोन हाउसिंगच्या (म्हणजे दोन आसांच्या, जिथे चाकं जोडीने असतात) मिळून बाहेरच्या चार. बेरीज साडेतीन चौरस मीटरच्या वर जाते. घराचं एक दार दोन्ही बाजूंनी रंगवायला घेतलंय असं समजा, फक्त हे दार गोल आहे, फुगीर आहे, त्यावर उठावाची अक्षरं आहेत आणि त्याचा वरचा भाग मडगार्डखाली लपलेला आहे. जोडीतल्या आतल्या टायरला पॉलिश लावू नका. तो कोणाला दिसत नाही. दोन टायरांच्या फटीत दगड अडकलेला असेल तर तो तेवढा काढा.

साइडवॉलवर नेमकं काय असतं ते कळलं की पुढची निम्मी कटकट संपते. हवेतला ओझोन रबराला बारीक चिरा पाडतो. ते टाळायला टायर बनवतानाच रबरात ओझोनरोधक रसायनं आणि मेण मिसळतात. गाडी चालताना रबर दबतं-सुटतं आणि ही द्रव्यं हळूहळू वर येतात. तिथे हवा लागून ती तपकिरी पडतात. टायर तांबूस दिसतो म्हणजे म्हातारा झाला असं नव्हे, त्याचं औषध काम करतंय इतकंच. पण हा तपकिरी थर न काढता वर पॉलिश लावलं तर ते रबराला न धरता त्या थरालाच धरतं आणि एकदोन दिवसांत पुन्हा तांबूस पडतं. नव्याकोऱ्या टायरची अडचण वेगळी. टायर साच्यातून सहज सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश त्यावर असतो, त्यामुळे पहिल्या खेपेला पॉलिश थेंबाथेंबाने गोळा होतं. नवा टायर आहे, धुवायचं कशाला, असं म्हणू नका.

पॉलिश कुठलं घ्यावं याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: पाण्यावर आधारलेलं, दुधासारखं पांढरं दिसणारं. त्यात सिलिकॉन तेलाचे बारीक कण पाण्यात मिसळलेले असतात. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना मिळून पातळ थर बनतो. सिलिकॉन रबरात शिरत नाही, त्याला फुगवतही नाही. दुसरा प्रकार पारदर्शक, पेट्रोलसारख्या वासाचा, डब्यावर ज्वलनशील असल्याची खूण असलेला. त्यात सिलिकॉन असतं, पण ते खनिज द्रावकात विरघळवलेलं. चमक जास्त, पावसात टिकतंही जास्त. पण थर चिकट राहतो, धूळ ओढतो आणि सारखा पसरायला अवघड जातो. चंद्रपूरकडे कोळशाच्या फेऱ्या मारणाऱ्या किंवा खडी क्रशरवर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे पॉलिश लावणं म्हणजे टायरला गोंद फासणं.

आता जळकं ऑइल. गॅरेजमध्ये फुकट मिळतं, टायर लगेच काळाभोर होतो, आणि ड्रायव्हर मंडळींचा त्यावर विश्वास आहे. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचं प्रमाण कारच्या टायरपेक्षा जास्त असतं, आणि नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं, नरम पडतं. ऑइल, डिझेल, रॉकेल, तिन्हींची जात एकच. वर सांगितलेली ओझोनरोधक द्रव्यंही तेल स्वतःत ओढून घेतं. एकदा लावलं म्हणून टायर फुटत नाही, पण दर धुण्याला लावत गेलात तर साइडवॉल चिकट होते आणि पुढे चिरा धरते. खोबरेल तेल इतकं घातक नाही, पण वाळत नाही आणि काही दिवसांत त्याचा काळा चिकट थर होतो. ग्लिसरीन पाण्यात मिसळून लावणारे आहेत. रबराला त्याने अपाय नाही, पण ते पाण्यात विरघळतं, म्हणून पहिल्याच सरीबरोबर वाहून जातं. एका दिवसाच्या मिरवणुकीपुरतं ठीक. काळा ऑइलपेंट मात्र अजिबात नको. ६० किमी वेगाला ट्रकचं चाक मिनिटाला ३०० हून जास्त फेरे घेतं आणि प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल एकदा वाकते. पेंट तितका वाकत नाही, तो तडकतो. आणि पेंटच्या तडा कुठल्या, रबराच्या कुठल्या, हे नंतर कोणी सांगू शकत नाही.

यावरूनच पुढचा मुद्दा. पॉलिश झाकतं. म्हणून झाकायच्या आधी बघून घ्या. टायर कोरडा आणि मळका असतानाच एक फेरी मारा. साइडवॉलवर फुगा आहे का, काप गेलाय का, कापात दोरा दिसतो का. व्हील नटांपासून गंजाचे तांबडे ओघळ निघाले असतील तर नट सैल असण्याची ती खूण आहे. ओघळ पुसण्याआधी नट तपासून घट्ट करून घ्या. हबकडून, म्हणजे चाकाच्या मध्याकडून, बाहेरच्या दिशेने तेलाच्या रेघा पसरल्या असतील तर सील गळतंय. पॉलिश मारल्यावर हे सगळं एकसारखं काळं दिसेल. टायरचा जन्मही याच वेळी वाचून ठेवा. डॉट (DOT) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार आकडे २४२३ असतील तर तो २०२३ सालच्या चोविसाव्या आठवड्यातला आहे. काही वेळा हे आकडे आतल्या बाजूला गेलेले असतात.

धुण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. सर्व्हिसिंगला गाडी गेली की कमानपाट्यांवर आणि चासीवर ऑइल किंवा डिझेलचा फवारा मारायची आपल्याकडे पद्धत आहे. तो फवारा टायरवर उडतोच. म्हणून ग्रीसिंग, फवारा, बॉडी धुणं हे सगळं आधी, टायर सर्वांत शेवटी. डिस्क, म्हणजे चाकाची धातूची थाळी, रंगवायची असेल तर तीही पॉलिशच्या आधी रंगवून पूर्ण वाळू द्या. सिलिकॉनचा हात लागलेल्या पत्र्यावर पेंट बसत नाही, बारीक बारीक खड्डे पडतात. पेंटरच्या शिव्या खायच्या नसतील तर पॉलिशचा फोम आणि फडकी रंगकामापासून दूर ठेवा.

टायर थंड असावा. घाट उतरून आलेल्या गाडीचे ब्रेकड्रम भाजतील इतके तापलेले असतात. त्यावर गार पाणी मारणं ड्रमला वाईट, आणि ज्वलनशील पॉलिशचा फवारा डिस्कच्या भोकांतून तिथे गेला तर माणसालाही वाईट. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी राहू द्या. हाताची पालथी बाजू साइडवॉलला टेकवा. सहज टेकवून ठेवता आली तर काम सुरू करा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला ठोकळा.

आधी नुसत्या पाण्याने चिखल काढा. प्रेशरची तोटी टायरपासून हातभर लांब धरा. अगदी जवळून एका जागी धार मारली तर रबराला इजा होते. मग क्लीनर. टायरसाठी मिळणारं अल्कधर्मी क्लीनर नेहमीच्या मळाला एकास दहा पाणी, तेलकट टायरला एकास पाच. लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. सहा टायरांना दोन-तीन लिटर तयार द्रावण पुरतं. ब्रश ताठ नायलॉनचा, कपडे धुण्याचा चालतो. तारेचा नको, तो साइडवॉलवर ओरखडे काढतो आणि त्या ओरखड्यांत पॉलिश साठून राखाडी रेघा दिसतात. अॅसिड तर नकोच, विशेषतः अॅल्युमिनियमची डिस्क असेल तर.

टायरचे चार भाग कल्पून एकेक भाग घासा. सगळ्या टायरवर एकदम फेस फासला तर शेवटच्या भागापर्यंत पोहोचेपर्यंत पहिला वाळलेला असतो. पहिला फेस चहाच्या रंगाचा येतो, कधी कॉफीच्या. धुवा, पुन्हा घासा. फेस जवळजवळ पांढरा येईपर्यंत हे चालू ठेवा. जळकं ऑइल खाल्लेल्या टायरला तीन-चार फेऱ्या लागतात. झालं की नाही हे ओळखायची साधी खूण आहे. स्वच्छ पाणी ओता आणि बघा. पाणी सगळ्या बाजूवर एकसारखं पसरून निथळलं तर रबर मोकळं झालं. काही ठिकाणी थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर तिथे जुनं सिलिकॉन किंवा तेल शिल्लक आहे, आणि उद्या नेमका तिथेच डाग दिसणार आहे.

वाळवणं. याला सगळे कंटाळतात. वरून कोरडा दिसणारा टायर तीन ठिकाणी पाणी धरून असतो: अक्षरांच्या कोपऱ्यांत, खांद्याजवळच्या (साइडवॉल रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीला मिळते तिथल्या) खाचांत, आणि रबर डिस्कला मिळतं त्या फटीत. पॉलिश लावून झाल्यावर हे पाणी बाहेर येतं आणि खाली ओघळताना पॉलिश धुऊन नेतं. दुसऱ्या दिवशी दिसणारी ती राखाडी रेघ याचीच. म्हणून फडक्याने पुसून मग कॉम्प्रेसरची हवा मारा, डिस्कच्या फटीतून सुरू करून बाहेरच्या दिशेने. डोळ्यांना चष्मा हवा, कारण खडे उडतात. मागच्या बाहेरच्या टायरची डिस्क आत दबलेली, परातीसारखी असते. तिच्या तळाशी पाणी आणि चिखल साठलेला असतो, तो आधी काढा. ट्यूबच्या टायरला लॉक रिंग (टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी) बाहेरून दिसत असेल तर तिच्या फटीतला चिखल पाण्याने आणि ब्रशने जेवढा निघेल तेवढाच. हवा भरलेल्या टायरची रिंग स्क्रूड्रायव्हरने किंवा टॉमीने (लोखंडी दांड्याने) उचकटायची नाही. ती सुटली तर माणूस जातो. हवा मारून झाल्यावर उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं, पावसाळ्यात तासभर गाडी तशीच सोडा.

आता लावणं. फवारणीची बाटली थेट टायरवर मारू नका. अर्धं पॉलिश डिस्कवर, नटांवर, ड्रमवर आणि जमिनीवर जातं. फोम वापरा. गादीवाल्याकडे मिळणाऱ्या घट्ट फोमचा साधारण १० सेंमी लांब, ७ सेंमी रुंद, ४-५ सेंमी जाड तुकडा पुरे. फार मऊ फोम पॉलिश पितो आणि दाबलं की एकदम ओकतो. शिवाय तीन इंची जुना मऊ रंगाचा ब्रश हवा, अक्षरांसाठी. आणि दोन सुती फडकी, एक लेव्हल करायला, एक शेवटी पुसायला.

एका टायरला पहिल्या हातासाठी २५ ते ३० मिली. खोकल्याच्या औषधावर १० मिलीचं झाकण येतं, त्याने अडीच-तीन झाकणं. ३० मिली पॉलिश ०.६ चौरस मीटरवर सारखं पसरलं तर ओला थर ०.०५ मि.मी. जाड होतो, आणि पाणी उडाल्यावर त्याहून कितीतरी पातळ. एवढाच थर हवा असतो. कोरड्या, उन्हाने पांढुरक्या पडलेल्या टायरला ४० मिलीपर्यंत लागेल. नवा फोम स्वतःच दहा-पंधरा मिली पितो, म्हणून पहिल्या टायरच्या आधी त्याला थोडं पाजून, पिळून घ्या. नाहीतर पहिला टायर उपाशी आणि सहावा ओलाचिंब होतो. सहा टायर एका हातात एकसारखे न दिसण्याचं हे एक कारण आहे, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

व्हॉल्व्हपासून सुरुवात करा म्हणजे कुठवर आलो ते कळतं. घड्याळाचे बारा ते तीन हा एक भाग धरून त्याच्या मधोमध झाकणाच्या दोन-तृतीयांश इतकं पॉलिश फोमने टेकवा, टिपक्या-टिपक्यांनी. मग आधी टायरच्या गोलाईने हात फिरवा, डिस्ककडून खांद्याकडे जात. त्यानंतर आडवा हात, म्हणजे डिस्ककडून नक्षीकडे आणि परत. गोलाईने फिरवलेला हात उठावाच्या रेघांच्या एकाच कडेला पॉलिश पोहोचवतो. आडवा हात दुसऱ्या कडेला. दोन्ही दिशा झाल्याशिवाय साइडवॉल सारखी होत नाही. अक्षरांवर कोरडा ब्रश टोकाने थोपटत फिरवा. तिथे नवीन पॉलिश ओतू नका, साठलेलंच पसरवा. पुढचा भाग घेताना आधीच्या भागावर चार बोटं चढून या आणि शेवटी फोम हलका उचला, म्हणजे सांधा दिसत नाही.

मडगार्डखालचा भाग आणि जमिनीला टेकून फुगलेला भाग असे हाती लागत नाहीत. हात वाकडा करून तिथे कसंबसं फासण्यात अर्थ नाही. गाडी अर्धा फेरा पुढे घ्या. टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे अर्धा फेरा सुमारे १.६ मीटर. फूटपट्टीची गरज नाही. व्हॉल्व्ह वर होता तो खाली आला की झालं. पण गाडी हलवायच्या आधी लावलेला भाग पुसून झालेला असावा, आणि ठोकळे काढताना-लावताना कोणाचा हात चाकाजवळ नसावा. ड्रायव्हरला हाक मारणारा माणूस एकच हवा. दोघे ओरडले की घोळ होतो.

लावून झालं की पाच ते दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने सगळी बाजू पुसून घ्या. जोर नको, एकसारखा हात हवा. लावलेलं पुसायचं कशाला, असा प्रश्न गाडीवरचा प्रत्येक नवा क्लीनर (ड्रायव्हरचा मदतनीस) विचारतो. रबराला जे धरायचं ते धरून झालेलं असतं. वर राहिलेलं जास्तीचं पॉलिश तिथे टिकणार नाही, फक्त उडणार आहे. गाडी ६० किमी वेगाने जात असताना साइडवॉलच्या मध्यावरच्या थेंबाला मिळणारं बाहेरचं ओढणं गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४५ पट भरतं. हायवेवर ८० ला गेलात तर ते ८० पटींच्या घरात जातं. पांढऱ्या किंवा पिवळ्या केबिनवर, डिझेल टाकीवर दिसणारे ते काळे शिंतोडे इथूनच येतात. पुसल्यावर बोट टेकवून बघा. बोट कोरडं आलं पाहिजे. ओशट लागलं तर पुन्हा पुसा.

दुसरा हात हवा असेल तर अर्ध्या तासाने, आणि पहिल्याच्या निम्म्या पॉलिशने. मळकट फेऱ्या करणाऱ्या गाडीला मी एकच हात सांगेन. एका हाताने सपाट, मूळ रबराच्या जवळचा काळेपणा येतो. दुसऱ्याने चमक येते. चमकेवर छोटी चूकही दिसते, सपाटपणात ती लपते.

एकाच गाडीवर वेगवेगळे टायर असतात, हे ट्रकचं खास दुखणं. पुढे नवे रेडियल, मागे दोन रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले), एखादा जुना नायलॉन. सगळ्यांना सारखं पॉलिश लावलं तर दिसायला सारखे होणार नाहीत. नवा टायर थोड्यात चमकतो, जुना पिऊन टाकतो. सर्वांत कोरड्या टायरपासून सुरू करा, त्याला दोन हात द्या, आणि नव्या टायरला त्याच पॉलिशमध्ये तितकंच पाणी घालून एक हात द्या. पाण्यावरची बरीच पॉलिशं अशी पातळ करता येतात, द्रावकावरची नाही. मग दहा पावलं मागे जाऊन बाजूने बघा. जवळून फरक कळत नाही.

बिघडलेलं काम ओळखायला फार विचार लागत नाही. अक्षरांत पांढरं दुधट वाळलं असेल तर तिथे पॉलिश साठलं होतं. ओलसर ब्रशने घासून, पुसून सारखं करा. पुसल्यावर फडक्याच्या फेऱ्यांसारख्या रेघा दिसल्या तर टायर तापलेला होता, पाणी पसरायच्या आधीच उडालं. दुसऱ्या दिवशी ढगांसारखे डाग म्हणजे खाली जुनं तेल. या शेवटच्याला वरून कितीही लावा, उपयोग नाही. मागे जाऊन धुण्यापासून सुरू करायचं.

पॉलिश कुठे नको, हे मालकांपेक्षा क्लीनरने लक्षात ठेवावं. नक्षीवर एक थेंब नको. खांद्याच्या कडेच्या दोन बोटं अलीकडे हात थांबवा. रस्ता धरण्याचा प्रश्न तर आहेच, पण आपल्याकडे ताडपत्री ओढायला, रस्सी बांधायला माणूस टायरवर पाय ठेवूनच चढतो. ओशट टायरवरून ओला पाय घसरला की तो फाळक्यावर आदळतो. मागच्या टायरांना हा धोका जास्त, म्हणून तिथे एकच हात आणि कडक पुसणं. नटांवर आणि हबवर नको, कारण तिथले ओघळ पुढच्या वेळी वाचायचे आहेत. टायरवर मालकाने डागलेला नंबर असेल तर तो ब्रशने मोकळा करून ठेवा. काम करताना फरशीवर सांडलेलं लगेच पुसा. सिलिकॉन सांडलेल्या फरशीवर उभं राहता येत नाही.

कोकणात जुलैमध्ये पाण्यावरचं पॉलिश वाळायला दुप्पट वेळ घेतं, कधी रात्रभर. शेडखाली लावा आणि सकाळी गाडी काढा. विदर्भात मे महिन्यात उलटं, सकाळी नऊच्या आत उरका. उसाच्या हंगामात शेतातून निघणाऱ्या गाडीला पॉलिशचा खर्च करूच नका. स्वच्छ धुतलेला टायर पुरे.

पासिंगच्या आधी टायर काळे करायची घाई असते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ही वेळ येते. तिथे साइडवॉलच्या चमकेचे गुण नाहीत. नक्षीची खोली ट्रकला किमान १.६ मि.मी. लागते, आणि नक्षीच्या खाचेतली झिजेची खूण वर आलेली असेल तर पॉलिशने ती खाली जात नाही. ताज्या चिकट पॉलिशवर तर अंगण ओलांडेपर्यंतच धूळ बसते.

खंडेनवमी-दसऱ्याला मात्र टायर दिसतात, फोटोही निघतात. पॉलिश आदल्या दिवशी दुपारी लावा, पूजेच्या सकाळी नाही. सकाळी लावलेल्या ओल्या थरावर नारळाचं पाणी उडालं की पांढरे ओघळ उतरतात, आणि हळद-कुंकवाची बोटं सिलिकॉनवर धरत नाहीत, घसरतात. टायरवर बोटं उमटवायची असतील तर आदल्या दिवशीच व्हॉल्व्हच्या बाजूला तळहाताएवढी जागा पॉलिश न लावता सोडून द्या. पूजेच्या दिवशी तिथे गंध नीट बसतं, आणि झेंडूच्या हाराखाली ती मोकळी जागा दिसतही नाही.